रंगाखालचं लोखंड

११ ऑक्टोबर, खंडेनवमी. सकाळपासून फवारणीचा पंप धुते आहे. आधी साबणाचं पाणी, मग साधं पाणी, मग नोझल खोलून त्याची चकती, जाळी, वायसर वेगळं करून स्टीलच्या डब्यात भिजत घालायचं. हंगाम संपला की पंप असाच कोपऱ्यात फेकून देतात आणि पुढच्या वर्षी नोझल तुंबलं म्हणून कंपनीला शिव्या घालतात. आमच्या घरी ते चालत नाही. आज पंप धुऊन, पुसून पूजेत बसणार. त्याच्या शेजारी विळे, कुऱ्हाड, भाऊजींचे नट-बोल्टचे पाने, माझं वीज मोजायचं मीटर आणि लॅपटॉप. लॅपटॉपवर हळद-कुंकू लावू देत नाही, झाकणावर एक झेंडू ठेवू देते.

पंप धुतला तरी वास जात नाही. औषधाचा वास कडवट, थोडा कुजलेल्या लसणासारखा. नखांत बसतो आणि जेवताना घासाबरोबर वर येतो. काल बतुकम्मा, फुलांची देवी, बोळवली, त्या तरवडाच्या पिवळ्या फुलांचा चुरा अजून अंगणात पडलेला आहे, त्याचाही वास आहे. कपाशीची खालची बोंडं उकललीत. हे सगळे वास एकत्र आले की मला तो हंगाम आठवतो, ज्या हंगामात मी दिवसभर एका चित्राकडे बघत बसायची आणि ते चित्र मला पटत नव्हतं.

मी आदिलाबादला पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकल शिकवते. घर तलमडुगु मंडलातल्या एका खेड्यात. हे बँकेत, बदलीच्या गावी, रविवारी येतात. घर आणि वावर चालवतात माझे दीर दिलीप आणि त्यांची बायको सुनंदा. भाऊजी पावसाळ्यात शेती करतात, आणि कापूस निघाला की हायवेजवळच्या सरकीच्या तेलगिरणीत बॉयलर सांभाळतात. सरकी शिजवायला वाफ लागते, वाफेला बॉयलर, बॉयलरला बर्नर. डिझेलचा फवारा आत मारायचा, तो पेटता ठेवायचा, आणि झाकणाच्या काचेतून ज्योत पाहायची. काळा धूर आला तर शेठ ओरडतो, ज्योत विझली तर अजून ओरडतो. असं त्यांचं हिवाळ्यातलं काम.

त्या वर्षी शेठजींनी नागपूरच्या एका हुशार वर्कशॉपवाल्याकडून नवं नोझल बनवून घेतलं होतं. त्याच्या पोटात एक सुई. त्या सुईला हजारो व्होल्टची वीज द्यायची. सुई आणि पितळी तोंड यांच्यामधून डिझेल गेलं की वीज डिझेलमध्ये शिरते. मग प्रत्येक थेंबावर एकाच जातीची वीज, आणि एका जातीच्या दोन वस्तू एकमेकींना ढकलतात, हे शाळेत सगळ्यांनी कंगवा घासून पाहिलेलं आहे. थेंब थेंबाला ढकलतो, फुटतो, बारीक होतो, पसरतो. बारीक थेंब नीट जळतो. धूर कमी, डिझेल कमी. कल्पना चांगली होती. आजही चांगली आहे.

शेठजींना आता कुणीतरी हिशेब करून सांगायला हवं होतं की हे चालेल, आणि खाली सही करायला हवी होती. कॉलेजमार्फत काम माझ्याकडे आलं. "मॅडमजी, घर का ही मामला है," ते म्हणाले होते. "दिलीप तुमचाच माणूस. तोच तर चालवणार."

त्यांना वाटलं हे ऐकून मी पटकन सही करीन. मला ते ऐकून काम दुप्पट वाटायला लागलं.

हिशेब म्हणजे काय, हे सुनंदाने एकदा विचारलं होतं. मी कापसाच्या खोलीत बाजेवर लॅपटॉप घेऊन बसलेली, ती शेंगा सोलत. मी म्हटलं, समज, नोझलपुढची जागा आहे ना, तिचे मी मोहरीएवढे लाखो डबे केलेत. प्रत्येक डबा शेजारच्याला विचारतो, तुझ्याकडे किती वीज, तुझ्याकडे वारा कसा, आणि त्यावरून स्वतःचा आकडा दुरुस्त करतो. सगळे डबे विचारत राहतात, दुरुस्त करत राहतात. हळूहळू कुणाचाच आकडा बदलेनासा होतो. तेव्हा उत्तर आलं समजायचं.

"म्हणजे बाया पाण्यावर जमल्यावर बोलतेत तसं," सुनंदा म्हणाली. "समद्याईचं एकच मत होते, पन खरं असतेच असं नाई."

मी हसले, पण ते डोक्यात राहिलं. सगळ्या डब्यांचं एकमत होणं म्हणजे खरं होणं नव्हे. संगणक कधीच नाही म्हणत नाही. चूक विचारलं तर चुकीचं उत्तर तो तितक्याच रंगीत चित्रात देतो. आणि ते चित्र फार सुंदर आलं होतं. निळ्यातून हिरवा, हिरव्यातून पिवळा, मधोमध तांबडी जीभ. थेंबांचा पंखा मोराच्या पिसाऱ्यासारखा दोन्हीकडे सारखा उघडलेला. शेठजींनी ते फोनवर पाहिलं आणि म्हणाले, "फोटो तो एकदम बढिया आया है. आता नुस्तं सही करा."

मला बाजारातली सगळी एका आकाराची वांगी आवडत नाहीत. वीस वर्षं मुलांच्या प्रॅक्टिकलच्या वह्या तपासते. ज्याची सगळी वाचनं एका रेषेवर नेमकी बसतात, त्याने ती शेजाऱ्याची बघून लिहिलेली असतात. ज्याने खरंच मोजलंय त्याचा एक तरी ठिपका रेषेबाहेर उभा असतो. माझ्या चित्रात रेषेबाहेर काही नव्हतं. मी सुईचा आकार बदलून पाहिला, डबे अजून बारीक केले, वाऱ्याचा वेग कमी-जास्त केला. वीज गेली की लॅपटॉप बंद करून चुलीशी जायची, वीज आली की पुन्हा बसायची. लॅपटॉपच्या पंख्यात कापसाचे तंतू अडकायचे, ते मी चिमट्याने काढायची. चित्र मात्र दरवेळी तसंच, सुरेख.

शेठजींचे फोन सुरूच. दसऱ्याचा मुहूर्त गाठायचा होता. मी म्हणायची, बघते आहे. ते म्हणायचे, "काय बघता मॅडम, एम कादु!" काही होत नाही, हे तेलुगूत फार गोड लागतं. माझा त्या गोडीवर विश्वास नाही.

त्याच हंगामात गावात करंटचा पंप आला. त्याचं खरं नाव लांब होतं, गावाने ते एका दिवसात छाटून टाकलं. कपाशीवर मारायच्या औषधाच्या थेंबांना वीज द्यायची, म्हणजे थेंब पानाकडे ओढला जातो, वळसा घालून पानाच्या खाली जाऊन चिकटतो, आणि पांढरी माशी असते ती पानाखालीच. माझ्या डिझेलच्या नोझलचा हा चुलतभाऊच. त्यामुळे दुकानदाराचा माणूस वावरात दाखवायला आला तेव्हा मीही बांधावर जाऊन उभी राहिले.

पाऊस नुकताच उघडला होता. आमच्याकडे काळ्या जमिनीत पावसाळ्यात पायताण घालून कुणी जात नाही. एक तर चिखल असा धरतो की पाच पावलांत प्रत्येक पायाला पाटा बांधल्यासारखा होतो. दुसरं म्हणजे वावर ही काळी माय, पायताण बांधावर सोडायचं, असा रिवाज. दुकानदाराच्या माणसाचे बूट चांगले होते. त्यानेही चिखल बघून ते बांधावर काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पंप पाठीवर घेतला. त्याने फवारा मारला. भाऊजींनी पान उलटं करून पाहिलं. खालची बाजू ओली, बारीक, एकसारखी, जशी पहाटे दवाने होते.

"आयला," भाऊजी म्हणाले. "हा तं पानाच्या मागं जाऊन मारून राह्यला!"

पंप घेतला. पंपाबरोबर दुकानदाराने गुडघ्यापर्यंतचे काळे रबरी बूट फुकट दिले. मला बरं वाटलं. औषध पायांतून अंगात भिनतं हे मी घरात कितीदा सांगितलं होतं, आता बूट आयते आले. भाऊजींनी ते घालून सुनंदाकडून फोटो काढून घेतला. फोटोत ते पोलिसात भरती झाल्यासारखे दिसत होते.

दुसऱ्या दिवशी ते वावरातून आले तेव्हा सदरा पुढून ओला. तोंडावरचं फडकं ओलं, बाह्या ओल्या. सुनंदाने कपडे घेतले आणि नाक मुरडलं.

"तुमी कपाशीले मारता का सोताले?"

"वारा फिरला असंन."

"वारा तं मांगून होता. मी दोरीवरच्या लुगड्याकडं पाहून राह्यली होती ना."

भाऊजी चिडले. "मंग काय मी पंप उलटा धरला? वहिनी, सांगा हिले. हा पंपच मले मारून राह्यला. आन कुंपनाच्या ताराले हात लावला तं असा झटका देल्ला का बापा, दात वाजले!"

मग गावाचं सुरू झालं. शेजारचे म्हणाले, वावरात बूट घालून गेला, काळी माय कोपली. कुणी म्हसोबाचं नाव घेतलं. सुनंदाने मला न सांगता नारळ वाढवला. नारळानंतरही सदरा ओलाच आला. त्या संध्याकाळी भाऊजींना उलटी झाली, हात थरथरत होते. डॉक्टरकडे नेलं, इंजेक्शन दिलं, रात्रीपर्यंत बरे झाले. सुनंदा दाराशी बसून होती. तिने मला एवढंच म्हटलं, "बाई, तुमी एवढ्या शिकल्या. त्या डब्यात पाह्यता दिवसभर. हे कोन पाह्यन?"

माझा संशय आधी दुकानदारावर होता, की खराब पंप गळ्यात मारला. मग भाऊजींवर, की पंप तोंडाच्या उंचीवर धरतात. मग वाऱ्यावर. सकाळी मी स्वतः वावरात गेले, टाकीत औषध न घालता नुसतं पाणी भरायला लावलं, आणि म्हटलं, एक ओळ बूट घालून मारा, एक ओळ बूट काढून मारा.

बूट घालून: थोडं चालले आणि बाह्यांवर दव बसायला लागलं. मला ते डोळ्यांनी दिसत होतं. फवाऱ्याच्या कडेचे थेंब पुढे जाता जाता जणू काही विसरल्यासारखे मागे वळत होते. बूट काढून: सदरा कोरडा.

"पाह्यलं?" बांधावरचा शेजारी म्हणाला. "मी सांगतलं होतं, काळी माय हाय ते."

त्याला सांगून उपयोग नव्हता. बूट काढायला हवेत हे त्याचं बरोबर होतं, कारण चुकीचं होतं. पंप थेंबांना एका जातीची वीज देतो तेव्हा दुसऱ्या जातीची मागे उरते, पंपात आणि पंपवाल्यात. अनवाणी माणूस असेल तर ती पायांतून ओल्या मातीत निघून जाते, कुणाला कळतही नाही. रबरी बूट असेल तर जायला वाट नाही. माणूस भरत जातो. भरलेला माणूस आपल्याच सोडलेल्या थेंबांना परत बोलावतो, आणि तारेला हात लागला की सगळं एकदम सांडतो. दुकानदाराच्या माणसाने बूट काढले होते ते चिखलासाठी. म्हणून त्याचा पंप चालला.

पण विष मारताना मी दिराला अनवाणी पाठवणार नव्हते. गोठ्यातून बैलाची साखळी आणली, तिचं एक टोक पंपाच्या मुठीच्या लोखंडाला तारेने आवळलं, दुसरं जमिनीवर लोळतं सोडलं. बूट पायात, साखळी मातीत. सदरा कोरडा राहिला.

त्यानंतर पूर्ण हंगाम भाऊजी ओळीतून चालायचे आणि मागून साखळी खळखळत यायची. रस्त्यावरून जाणारे थांबून विचारायचे.

"काऊन रे दिलीप, साखळी कोनं लावली?"

"वहिनीनं!"

"बायकोनं सोडला होता वाट्टे!"

हे ऐकून सुनंदा पदर तोंडाला लावून हसायची. मला हसू येत नव्हतं. मी घरी येऊन लॅपटॉप उघडला होता आणि त्या सुंदर चित्राच्या कडा तपासत होते. मध्यभागी नाही, कडा. कारण आतले डबे एकमेकांना विचारतात, पण कडेच्या डब्याला पलीकडे शेजारी नसतो. तिथे काय आहे हे आपण सांगायचं असतं. नोझलच्या पितळी तोंडापाशी आकडा होता शून्य. म्हणजे तोंड जमिनीला जोडलेलं आहे, कितीही वीज आली तरी ती निघून जाईल, तोंड कायम रिकामं. पुस्तकात तसंच असतं, सगळे तसंच घालतात. संगणकात एकदा शून्य लिहिलं की जमीन झाली. ती कधी सुकत नाही, तिची तार तुटत नाही, तिच्यावर कुणी बूट घालून उभं राहत नाही.

आणि गिरणीतला बर्नर? तो मी पाहिलेला होता. सफाईसाठी मागे ओढता यावा म्हणून तो चाकांच्या गाड्यावर होता. चाकं रबरी. डिझेलची नळी रबरी. बॉयलरच्या तोंडाशी तो टेकतो तिथे धग बाहेर येऊ नये म्हणून जाड दोर गुंडाळलेला. थोडक्यात, बर्नर बूट घालून उभा होता.

मी शून्य पुसलं. त्या जागी लिहिलं की तोंडाला जमीन नाही, किती भरतं ते तूच सांग. लॅपटॉप दुपारभर घरघरत राहिला. चित्र आलं तेव्हा पिसारा नव्हता. तोंड भरत भरत सुईच्या बरोबरीला आलेलं, दोघांत फरकच उरला नाही, म्हणून डिझेलमध्ये वीज शिरेना; थेंब जाड, सुस्त, पुढे जाऊन पडणारे. हे एक नुकसान, धुराचं. दुसरं चित्रात दिसत नव्हतं, ते मला कळत होतं. एवढं भरलेलं लोखंड ठिणगी टाकून रिकामं व्हायला काहीतरी शोधणार. सगळ्यात जवळ काय? झाकणाची कडी. आणि कडीवरचा हात. आणि तो हात सकाळी बर्नर पेटवताना डिझेलच्या वाफेत असतो.

हात कुणाचा, हे मला शेठजींनी आधीच सांगून ठेवलं होतं.

सही केली नाही. शेठजी रागावले. "आप तो बहुत शक्की हो, मॅडम. एवढा खर्चा केला, मुहूर्त तोंडावर." मी म्हटलं, जमिनीत खड्डा घ्या, कोळसा-मीठ भरा, तांब्याची जाड पट्टी घाला आणि ती बर्नरच्या अंगाला बोल्टने कसा. मी येऊन मोजते, मग सही. ते म्हणाले, भिंतीत खिळा आहे त्याला तार गुंडाळतो. मी म्हटलं, खिळ्याला सदरा टांगा. कुरकुरत का होईना, त्यांनी पट्टी बसवली. मी मोजलं, सही केली. बर्नर चालला. धूर कमी झाला, माझ्या पहिल्या चित्राइतका नाही, पण शेठजी शेजारच्या गिरणीवाल्याला दाखवत फिरले एवढा. गिरणीत माझं नाव शक्की मॅडम पडलं. ते अजून आहे. दर दसऱ्याआधी मी जाते, मीटर लावते, खड्ड्यात बादलीभर पाणी ओतते, कारण सुकलेली जमीन जमिनीसारखी वागत नाही.

या वर्षीही गेल्या आठवड्यात जाऊन आले. सगळं ठीक होतं.

आज दुपारी पूजा झाली. पंप, विळे, पाने, मीटर, सगळ्यांना हळद-कुंकू. आमच्या घरचा रिवाज असा की पूजेत मांडलेलं हत्यार दसऱ्याच्या दुपारपर्यंत उचलायचं नाही. त्यांना विश्रांती. मी या रिवाजाच्या वाटेला जात नाही. वर्षातून एक दिवस कुऱ्हाड बसून राहिली तर माझं काही अडत नाही.

संध्याकाळी भाऊजी गिरणीतून प्रसाद घेऊन आले. नखांत हिरवा रंग.

"हे काय?"

"रंग देल्ला ना वहिनी, परवा-काल. शेठ म्हणे औंदा समदं हिरवं करा. बर्नर असा चमकून राह्यला का वळखू येत नाई. उद्या सकाळी नवाचा मुहूर्त. फुलाची माळ बी तयार हाय."

"आणि पट्टी?"

"पट्टी बी रंगवली." त्यांना अभिमान होता. "नुसती वरून नाई. बोल्ट काढला, पट्टी सोडवली, खालची जागा घासून पुसून दोन हात देल्ले, पट्टीले दोन हात, वाळू देल्लं, मंग पुन्हा कसली. गंज नाई लागनार आता."

मी हातातला प्रसाद खाली ठेवला. त्यांनी काम मनापासून केलं होतं. ज्याने आळस केला असता, त्याने पट्टी जागेवर ठेवूनच वरून ब्रश फिरवला असता, आणि खाली लोखंडाला तांबं टेकलेलं राहिलं असतं. यंत्राला दसऱ्याला नटवायचं म्हणून यांनी लोखंड आणि तांबं यांच्यामध्ये रंगाचे दोन-दोन थर घातले होते. बर्नरला पुन्हा बूट. या वेळी हिरवे.

शेठजींना फोन लावला. मागे पाहुण्यांचा गलका. "मॅडमजी, आज नवमी. आज औजार को हाथ नहीं लगाते. कल मुहूर्त के बाद देखेंगे." मी म्हटलं, मुहूर्ताआधी. ते म्हणाले, "ताजा रंग आहे, ओरखडे येतील, सणाच्या दिवशी अपशकुन. एम कादु, मॅडम." फोन ठेवला.

भाऊजी ओशाळून उभे होते. "मंग उद्या मी पेटवतच नाई."

"तुम्ही नाही पेटवणार तर शेठ दुसऱ्या कुणाला सांगेल. माळ घालून मुहूर्ताला बर्नर थांबत नाही."

"बोल्टाले बाराचा पाना लागते," ते हळूच म्हणाले, आणि दोघांनी एकदमच पूजेकडे पाहिलं. पाना तिथे, विळ्यांच्या मधे, कुंकवाच्या टिक्क्यासकट. मीटर त्याच्या बाजूला. गिरणीतल्या पेटीलाही आज पूजा होऊन कुलूप आहे, किल्ली शेठकडे.

सुनंदा निरांजनात तेल घालत होती. तिने आमच्याकडे पाहिलं, पूजेकडे पाहिलं. "बाई, आज नका हात लावू. म्या सासूबाईले सांगतलं होतं, मी हे पाळीन म्हून."

मी म्हटलं, आज नाही लावत.

सण मला समजतो. रंगही समजतो, वर्षभर काजळी खाणाऱ्या यंत्राला एक दिवस कुणीतरी नटवावं, यात वाईट काही नाही. मला फक्त एवढंच हवं असतं की रंगाखाली काय आहे हे कुणीतरी एकदा नखाने खरवडून पाहावं. लोक म्हणतात, संशयाने माणूस कडू होतो. असेल. माझ्या दिराचे दोन्ही हात शाबूत आहेत, ते कडूपणाने आहेत की गोडीने, हे मी कुणाला विचारायला गेले नाही. डब्यात भिजत राहिली म्हणून पूजेत न गेलेली पंपाची जाळी आता पुसून झाली आहे. डब्यातलं पाणी मोरीत न ओतता दूर खड्ड्यात टाकायचं आहे. तेवढं करून लिहिणं थांबवते.

*

सकाळी उजाडताच उठले. अंघोळ केली, पूजेसमोर बसले आणि बाराचा पाना उचलला. मग मीटर. सुनंदा दारात उभी होती. मला वाटलं ती अडवेल. ती आत गेली आणि पॉलिश पेपरचा तुकडा घेऊन आली. तो पूजेत नव्हता.

भाऊजींच्या मोटारसायकलवर गिरणीत गेलो. बर्नर खरोखरच छान दिसत होता, माळ घातलेला, नवरदेवासारखा. पट्टीच्या टोकाचा रंग जरा खरवडून मीटरचं एक टोक तिथे लावलं, दुसरं नोझलच्या तोंडाला; विजेला वाट असेल तर ते वाजतं. गप्प. बोल्ट सोडला. पट्टीखाली हिरवा रंग, एकसारखा, कुठे फट नाही. मी घासायला बसले. हिरवा गेला, त्याखालचा लाल प्रायमर गेला, राखाडी दिसायला लागलं, मग उजळ. तांब्याची बाजूही घासली. तेवढ्यात शेठजी आले, पांढऱ्या झब्ब्यात, हातात नारळ. माझ्याकडे, जमिनीवर पडलेल्या हिरव्या भुग्याकडे आणि कुंकू लागलेल्या पान्याकडे पाहत राहिले.

बोल्ट कसला. मीटर लावलं. ते वाजलं, आणि वाजत राहिलं. आरतीसाठी ठेवलेल्या बादलीतलं पाणी मी नेऊन खड्ड्यात ओतलं, ते जमिनीने पिईपर्यंत थांबले.

"चला भाऊजी, पेटवा," म्हटलं. त्यांच्या पायांत काय आहे ते एकदा पाहिलं, पट्टीला हाताने हिसका देऊन पाहिला, आणि मग बाजूला सरकले.